कांटा आणि दिवा

मोटारीच्या यंत्रासंबंधीं दोन शब्द लिहिण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास आहे, असें कोणी समजूं नये. मॅट्रिकपर्यंतचें शिक्षण, त्यावर वाईस एका शास्त्रीबोवांच्या पायाशीं बसून केलेलें थोडेंसें संस्कृत अध्ययन, आणि पुढें तीस-बत्तीस वर्षें मुलांकडून रूपें व संधि घोकून घेण्यांत गेलेलें आयुष्य, एवढीच आमची पुंजी. पान्हा हातीं धरला तो सायकलीची साखळी बसविण्यापुरता. परंतु गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं एका विषयावर जवळजवळ तीन आठवडे वाद चालला, आणि ज्याला ह्यांतलें कांहींच कळत नाहीं असा निःपक्षपाती मनुष्य म्हणून सर्वांनीं मला पंच नेमलें. पंचानें निकाल दिला. पण तो ज्या कारणासाठीं दिला तें कारण त्या दिवशीं चारचौघांत सांगण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

वादाचें मूळ असें. आमच्या वाड्याच्या मागल्या पडवींत थोरल्या बंधूंची, म्हणजे आमच्या दादांची, प्रीमियर पद्मिनी गाडी उभी असते. इटलींतल्या फियाट ११०० ह्या गाडीच्या नमुन्यावर कुर्ल्याच्या कारखान्यांत १९६४ सालापासून जी गाडी होऊं लागली, तिलाच पुढें पद्मिनी हें नांव मिळालें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणजे हीच. २०२३ सालच्या ऑक्टोबरांत त्यांतल्या शेवटच्या टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या, तेव्हां वर्तमानपत्रांनीं त्यांच्यावर मृत्युलेखासारखे लेख लिहिले होते. दादांनीं आपली गाडी १९८६ सालीं घेतली. वाड्यांत त्या वेळीं आम्ही लहानथोर मिळून चौदा माणसें होतों, आणि गाडी ही पंधरावी.

दादा २०१९ सालीं गेले. त्यानंतर गाडीवर चादर पडली ती पडलीच. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, पुण्यास एका कारखान्यांत नोकरीला आहे. त्यानें मनावर घेतलें आणि वर्षभर प्रत्येक शनिवार-रविवार खपून इंजिन उघडलें, ब्रेक नवे केले, पत्रा ठोकून रंगविला. राहतां राहिली कांट्यांची गोष्ट. गाडींत मुळांत वेगाचा, पेट्रोलचा व पाण्याच्या उष्णतेचा असे कांटे, आणि तेलाच्या दाबासाठीं एक तांबडा दिवा, इतकाच सरंजाम होता. उष्णतेचा कांटा वयोमानानें केव्हांच निश्चेष्ट झालेला. तेव्हां उष्णतेचा नवा कांटा बसवावा, आणि तेलाचा दाब दाखविणाराही एक कांटा नव्यानें घालावा, येथपर्यंत सर्वांचें एकमत झालें. हे कांटे यांत्रिक असावेत कीं विजेचे, ह्यावर मात्र घरांत दोन तट पडले. एका बाजूस पुतण्या, दुसऱ्या बाजूस माझी सून. ती येथल्या कनिष्ठ महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकविते, आणि वादांत ती दिराला कधींही मोकळें सोडीत नाहीं.

पुतण्याचें म्हणणें थोडक्यांत असें: "काका, यांत्रिक कांटा खोटें बोलत नाहीं. इंजिनांतलें तेल स्वतः चालून येतें आणि कांटा हलवितें. मध्यें कोणी दुभाष्या नाहीं." माझी खात्री पटावी म्हणून त्यानें एक जुना दाबमापक फोडून माझ्यासमोर ठेवला. पाहून मला खरोखरच मौज वाटली. आंत चंद्रकोरीसारखी वांकविलेली एक चपटी पितळी नळी असते. तिचें एक तोंड इंजिनाकडून येणाऱ्या बारीक नळीला जोडलेलें, दुसरें टोंक बंद. जत्रेंत पोरें फुंकतात ती कागदाच्या गुंडाळीची पिपाणी वाचकांनीं आठवावी. फुंकर घातली कीं गुंडाळी सुटत सुटत लांब होते, फुंकर थांबली कीं पुन्हां वळून बसते. तेंच येथें. तेलाचा दाब वाढला कीं पितळी कोर किंचित् सरळ होऊं पाहते, तिचें बंद टोंक केसभर सरकतें, आणि तें केसभर सरकणें लहानशा दांतेरी चक्रानें वाढवून कांट्याच्या पदरांत टाकलेलें असतें. ही युक्ति युजेन बूर्दों नांवाच्या फ्रेंच कारागिराची. तिचें पेटंट त्यानें १८४९ सालीं घेतलें. वाफेच्या नागमोडी नळीचा एक भाग चेपला गेला होता, तो फुगवून सारखा करावा म्हणून तींत दाब भरला, तों नळी आपोआप उलगडूं लागली, आणि त्यावरून त्याला ही कल्पना सुचली असें सांगतात. पावणेदोनशें वर्षें झालीं, तरी त्या पितळी कोरीवांचून जगाचें अडतें. डोळे असलेल्याच्या हातून झालेल्या चुकीचेंही सोनें होतें तें असें.

पाण्याच्या उष्णतेचा यांत्रिक मापक ह्याच कोरीवर चालतो, पण त्यांत पाणी वर येत नाहीं. तांब्याच्या केशनळीच्या टोंकास करंगळीएवढें पोकळ बोंड असतें, आणि त्यांत ईथरसारखा लवकर वाफ होणारा द्रव भरलेला असतो. बोंड इंजिनाच्या पाण्यांत बुडवावें. पाणी तापलें कीं आंतल्या द्रवाची वाफ होते, आणि तिचा दाब केशनळींतून जाऊन कांटा हलवितो. ह्यांत अडचण एकच. ही केशनळी जन्मतः जेवढी लांब तेवढीच. ती कापतां येत नाहीं कीं जोडतां येत नाहीं. जास्त झाली तर वेटोळें घालून कोठें तरी बांधून ठेवावी, आणि बसवितांना मोडली तर सारा मापकच टाकून द्यावा.

सूनबाईचा पक्ष ह्याहून निराळा. ती म्हणाली, "बाबा, यांत्रिक कांटा म्हणजे इंजिनांतलें कढत तेल बारीकशा नळींतून आपल्या गुडघ्यापर्यंत आणणें. तांब्याची नळी इंजिनाच्या थरथरीनें ताठरते आणि एक दिवस चिरते. नायलॉनची घेतली तर धुराड्याच्या नळीला टेकून वितळते. मग तें तेल पडणार कोणाच्या पायावर? गाडी चालवायला शिकते आहे ती आपली पोर." पोर म्हणजे पुतण्याची मुलगी, वय वर्षें एकोणीस. हा मुद्दा निघाला तेव्हां पुतण्या क्षणभर गप्प बसला.

विजेच्या कांट्यांत माणसाजवळ येते ती केवळ एक तार. इंजिनांत एक लहानसा डबा बसवितात. मिस्त्री लोक त्याला सेंडर म्हणतात. दाबाच्या सेंडरांत एक पातळ पडदा असतो. तो दाबानें फुगला कीं विजेच्या वाटेंतला अडथळा कमीजास्त होतो. उष्णतेच्या सेंडरांत एक मणी असतो, आणि तो जसजसा तापतो तसतसा विजेला वाट मोकळी करून देतो. इकडे कांट्याच्या घरांत कोठें दोन धातूंची एकत्र सांधलेली पट्टी असते, जी ऊन झाली कीं एका बाजूनें भाजलेल्या पापडासारखी वळते. कोठें तारेचीं गुंडाळीं असतात, जीं चुंबकाला ओढून कांटा फिरवितात. मात्र सेंडर आणि कांटा हीं एकमेकांसाठींच केलेलीं असावीं लागतात. एका घराण्याचा सेंडर दुसऱ्या घराण्याच्या कांट्याला जोडला तर तो कांटा हलतो, पण जें सांगतो तें सगळें भलतेंच. पत्रिका जुळविण्याचा आग्रह मी कधींच धरला नाहीं, पण येथें मात्र ती जुळवावीच लागते.

दोन्ही पक्षांनीं साक्षीदार म्हणून एकच गाडी उभी केली, ही गंमत सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धांतली विलीज जीप, जिची जोडणी पुढें मुंबईस महिंद्रांच्या कारखान्यांत होऊं लागली, तिच्यांत तेलाचा व पाण्याचा असे दोन्ही कांटे यांत्रिक होते. पुतण्या म्हणाला, "रणांगणावर ज्याच्यावर भरंवसा टाकला तो आपल्याला पसरणीच्या घाटांत पुरणार नाहीं काय?" त्यावर सूनबाई म्हणाली, "आणि त्याच जीपेंत पेट्रोलचा कांटा विजेचा होता, तो कां? पेट्रोल नळींतून माणसाच्या मांडीशीं आणण्याची कोणाची छाती झाली नाहीं म्हणून." दोघांचेंही खरें होतें.

येथें मला आपली विद्या पाजळण्याची बुद्धि झाली. मी म्हणालों, "यांत्रिक कांटा म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण, आणि विजेचा कांटा म्हणजे शब्द प्रमाण. सेंडर निरोप सांगतो, आणि आपण त्याला आप्त समजून विश्वास ठेवतों." सूनबाई हंसली. "बाबा, प्रत्यक्ष म्हणजे तेल डोळ्यांनीं पाहणें. तें बॉनेट उघडून तेलांतली पट्टी ओढली तरच होतें. पितळी नळी वांकली, म्हणून दाब असला पाहिजे, हें अनुमानच झालें. डोंगरावरचा धूर आणि आग ह्यांतलेंच. आणि दाबावरून तेल किती आहे तें कळतच नाहीं. तेल थोडें असलें तरी पंपाला पोंचतें आहे तोंवर दाब येतच राहतो." ज्या घरांत न्यायशास्त्राची पोथी माझ्याशिवाय कोणी उघडली नाहीं, त्या घरांत माझी ही गत झाली. मी पंचाचें आसन सांवरून बसलों.

आतां मधल्यामध्यें एक तक्रार नोंदवितों. पुतण्याची रोजच्या वापराची गाडी नवी आहे. तिच्यांत पाण्याच्या उष्णतेला कांटाच नाहीं. थंड असतां निळा दिवा, फार तापली तर तांबडा, मधल्या साऱ्या अवस्थेला मौन. ज्या नव्या गाड्यांत कांटा ठेवला आहे, त्यांतल्या पुष्कळांत तो मुद्दाम असा केलेला असतो कीं, उष्णता बऱ्याच मोठ्या टप्प्यांत वरखालीं झाली तरी तो मध्यावर निश्चल उभा राहावा. कारण, कांटा हलला कीं गिऱ्हाइकें घाबरतात व तक्रारी घेऊन येतात! सेंडर खरें सांगत असतो. मधला गणकयंत्राचा कारकून तें गोड करून वरती पोंचवितो. पालकांच्या सभेंत हा प्रकार मीही केलेला आहे, तेव्हां त्या कारकुनास फार बोलत नाहीं.

आतां जें बोललों नाहीं त्याकडे वळतों.

१९९३ सालचा मे महिना होता. पांचगणीस आमच्या आतेबहिणीकडे मुंज होती. दादांना आदल्या रात्रीं ताप भरला, म्हणून गाडी मी चालविली. मागें आई, वहिनी आणि तीन मुलें. त्यांतलें एक म्हणजे आज कांट्यांसाठीं भांडणारा हा पुतण्या. वाईहून पांचगणीस जाणारा पसरणीचा घाट ज्यांनीं पाहिला आहे त्यांस ठाऊक आहे कीं, उजवीकडे कृष्णेचें खोरें आणि धोमचें पाणी इतकें सुरेख दिसतें कीं गाडी चालविणारानें तिकडे न पाहणें हाच मोठा संयम. रस्त्यावर खडी पडली होती. घाट सुरू झाल्यावर खालून एक दगड लागल्याचा आवाज झाला. मी तिकडे लक्ष दिलें नाहीं. त्या दगडानें इंजिनाखालची तेलाची थाळी फुटली होती, आणि तेल धार लागून रस्त्यावर सांडत होतें. दोन वळणें वर गेल्यावर इंजिनांत कोणी घण घातल्यासारखा ठणठणाट झाला, आणि गाडी एकाएकीं थिजली. इंजिन जाम झालें होतें. आई कठड्याच्या दगडावर उन्हांत दोन तास बसून राहिली. मुंज आमच्यावांचून लागली.

दुसऱ्या दिवशीं मिस्त्रीनें पाहून सांगितलें कीं, तांबड्या दिव्याचा बल्ब गेलेला होता. तो चांगला असता तर दाब पडतांच पेटला असता आणि बहुधा इंजिन वांचलें असतें. दादा अंगांत ताप असतांना उठून आले, ऐकून घेतलें, आणि एवढेंच म्हणाले, "माझी चूक. बल्ब मी पाहायला हवा होता." इंजिनाच्या कामाला जे पैसे लागले ते आईच्या काशीयात्रेसाठीं बाजूला ठेवलेल्या रकमेंतून गेले. यात्रा एक वर्ष पुढें ढकलली. पुढल्या वर्षीं आईचे गुडघे धरले, त्याच्या पुढल्या वर्षीं ती अंथरुणाला खिळली, आणि ती यात्रा राहिली ती राहिलीच.

जें मीं तेव्हां कोणास सांगितलें नाहीं तें हें कीं, दिवा लागत नाहीं हें मला ठाऊक होतें. किल्ली फिरवितांच, इंजिन सुरू होण्यापूर्वीं, तो दिवा क्षणभर पेटला पाहिजे. तो पेटत नाहींसा होऊन महिना झाला होता. मीं तें पाहिलें होतें. आणि, लिहितांना लाज वाटते, पाहून मला समाधान वाटलें होतें. तेलाचें सारें ठीक आहे म्हणूनच तांबडा दिवा आतां मुळींच दिसत नाहीं, अशी मीं समजूत करून घेतली होती!

शास्त्रीबोवांनीं मला जें शिकविलें त्यांत हें नेमकें होतें. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती अनुपलब्धि नांवाचें एक निराळें प्रमाण मानतात: वस्तु दिसत नाहीं, ह्यावरून ती नाहीं असें ज्ञान होणें. जमिनीवर घडा दिसत नाहीं, म्हणून तेथें घडा नाहीं. पण ते लगेच एक अट घालतात. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिति असली पाहिजे. हिलाच योग्यानुपलब्धि म्हणतात. काळोख्या खोलींत डोळे ताणून "घडा दिसत नाहीं, सबब नाहीं" म्हणणारा मनुष्य मूर्ख. बल्ब गेलेल्या दिव्याकडे पाहून निश्चिंत होणारा शिक्षक तोच. विद्या तोंडपाठ होती. गाडीच्या किल्लीपर्यंत ती आली नव्हती.

म्हणून पंच ह्या नात्यानें मीं दोन्ही पक्षांना एकच प्रश्न केला. "तुमचा कांटा चांगला असतांना काय सांगतो तें पुष्कळ झालें. तो स्वतः बिघडला म्हणजे काय सांगतो?"

ह्यावर दोघेंही थांबलीं, आणि मग दोघांनीं मिळून उत्तर शोधलें. यांत्रिक दाबमापकाची नळी फुटली, तर तेल सांडतें हें खरें, पण कांटा शून्यावर येतो. चालविणारा घाबरतो आणि गाडी थांबवितो. विजेच्या दाबमापकाची तार तुटली, तर गोष्ट त्याच्या घराण्यावर अवलंबून आहे. कांहीं जातींत कांटा शून्यावर पडतो. परंतु जेथें दाबाबरोबर अडथळा वाढत जातो अशा जातींत तुटलेली तार म्हणजे अमर्याद अडथळा, आणि कांटा थेट शिखरावर जाऊन बसतो. इंजिन कोरडें पडत असलें तरी तो सांगणार, दाब भरपूर आहे! दिव्याची तार तुटली किंवा बल्ब गेला तर मौन. त्याचा अनुभव घेऊन झालेलाच होता. शिवाय हा दिवा सहसा चौरस इंचास ५ ते ७ पौंड दाब उरला कीं मग पेटतो. धांवत्या इंजिनांत त्याच्या कित्येक पट दाब असावा लागतो. म्हणजे दिवा बोलतो तें अगदीं शेवटीं. उतरत जाणारा दाब आधींपासून दाखवील तो कांटाच.

उष्णतेच्या बाबतींत मात्र दोन्ही जाती सारख्याच लबाड निघाल्या. केशनळी मोडली तरी कांटा थंडाकडे झुकतो, आणि विजेच्या सेंडरची तार तुटली तरी तो बहुधा थंडाकडेच जातो. एवढेंच नव्हे, तर पाणी सगळें गळून गेलें आणि बोंड किंवा मणी कोरडा राहिला, तर दोन्ही कांटे बेधडक कमी उष्णता दाखवूं शकतात. ह्याला उपाय कांट्यांत नाहीं. गाडी सुरू केल्यावर कांटा थंडावरून हळूहळू चढतो कीं नाहीं हें रोज पाहावें. चढला नाहीं तर गाडी थंड आहे म्हणून आनंद मानूं नये.

मग निकाल असा दिला. तेलाचा कांटा यांत्रिक; परंतु तांब्याची किंवा नायलॉनची नळी नको, पोलादी तारेनें विणलेली नळी घ्यावी, आणि ती इंजिनामागच्या पत्र्यांतून जेथें आंत येते तेथें रबराचें कडें बसवावें. पाण्याचा कांटा विजेचा. कारण बिघडल्यावर दोघेही सारखेच खोटे, तर मग केशनळीचें वेटोळें कशाला सांभाळा? आणि तेलाचा तांबडा दिवा काढावयाचा नाहीं. त्याच्या जागीं त्रिमुखी जोड बसवून एका तोंडाला कांटा, दुसऱ्याला दिव्याचा खटका. कांटा पुष्कळ सांगतो पण बोलावीत नाहीं; दिवा एकच शब्द जाणतो, पण तो हांक मारतो. सूनबाई म्हणाली, "बाबा, दोघांनाही अर्धें अर्धें देऊन मोकळे झालांत." मीं हो म्हटलें. खरें कारण पोटांतच राहिलें.

बसविण्याचें काम दोन रविवार चाललें. पाण्याचा कांटा पहिल्या दिवशीं हललाच नाहीं. पुतण्यानें तार तपासली, फ्यूज तपासला, कांटा उलटासुलटा करून पाहिला. शेवटीं सूनबाई पदर खोंचून बॉनेटखालीं वांकली आणि म्हणाली, "आट्यांना ही पांढरी पट्टी कोणी गुंडाळली?" गळती होऊं नये म्हणून त्यानें सेंडरच्या आट्यांवर नळकाम करणारे वापरतात ती पट्टी लावली होती. पण ह्या सेंडरची वीज परत जाते ती त्या आट्यांतूनच, इंजिनाच्या धातूंत. पट्टीनें ती वाट अडली होती. पट्टी सोलून काढतांच कांटा चढला. त्या दिवशीं संध्याकाळीं तिनें साऱ्यांसाठीं साबुदाण्याचे वडे केले, त्यांत विजयाचा भाग किती होता कोण जाणे.

डिसेंबरांत आम्ही पांचगणीस निघालों. चाकावर नात, शेजारीं पुतण्या, मागें वहिनी आणि मी. वहिनींचें वय आतां अठ्ठ्याहत्तर. नातीनें किल्ली अर्धी फिरविली आणि थांबली. तांबडा दिवा पेटला. "पेटला," ती मोठ्यानें म्हणाली, जशी आम्ही शाळेंत हजेरी घेत असूं तशी. मग इंजिन सुरू झालें, दिवा विझला, आणि शेजारचा कांटा उभा राहिला. घाट चढूं लागलों तसा पाण्याचा कांटा वर सरकत गेला. दुसऱ्या वळणानंतर एक मालमोटार पुढें आल्यामुळें आम्ही जवळजवळ उभेच राहिलों, आणि तेलाचा कांटा खालीं आला.

"आजोबा, दाब पडला," ती म्हणाली. पुतण्यानें समजाविलें कीं तापलेलें तेल पातळ होतें, आणि इंजिन मंद चाललें कीं दाब इतका उतरावयाचाच. दिवा पेटलेला नाहीं, भिण्याचें कारण नाहीं. तिनें ऐकून घेतलें, आणि तरीही गाडी बाजूला घेऊन बंद केली. आम्ही उतरलों. कठडा तोच होता कीं नवा बांधला होता तें मला ओळखतां आलें नाहीं, पण जागा तीच होती. वहिनी दगडावर टेंकल्या. "इथेंच ना, भावोजी?" त्यांनीं विचारलें. पुतण्या व नात बॉनेट उघडून पट्टी पाहत होतीं. मीं त्यांच्याशेजारीं बसून बत्तीस वर्षें जें सांगितलें नव्हतें तें सांगितलें.

वहिनी धोमच्या पाण्याकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "ह्यांनाही ठाऊक होतें. दिवा लागत नाहीं हें ह्यांनीं तुमच्या आधीं पाहिलें होतें. दर रविवारीं बल्ब आणतों म्हणायचे. त्या रात्रीं ताप उतरला तरी झोंपले नाहींत. आईंना सांगूं का, म्हणून दोनदां विचारलें मला. मींच नको म्हटलें."

"तेल बरोबर आहे," नात पट्टी पुसतां पुसतां ओरडून म्हणाली. तिचीं बोटें काळीं झालीं होतीं. वहिनींनीं पिशवींतून रुमाल काढून तिच्या हातीं दिला, आणि आम्ही पुन्हां गाडींत बसलों. तिनें किल्ली अर्धी फिरविली. ह्या वेळीं "पेटला" असें वहिनी म्हणाल्या.